फाटक उघडलं तरी समीकरण म्हणतं गाड्या हलणार नाहीत! मग खरं उत्तर निवडतं कोण?

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका रेल्वे फाटकावर गेल्या आठवड्यात अडकलो होतो. मालगाडी होती, वेळ लागणार हे दिसतच होतं. गाडीतून उतरलो आणि रांगेच्या कडेनं मागं चालत गेलो. तेव्हा लक्षात आलं की रांगेचं शेपूट जवळजवळ माझ्याच चालीनं मागं सरकतंय. प्रत्येक गाडी पुढंच येत होती, एकही मागं जात नव्हती, पण शेपूट मात्र मागं चाललं होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. एम.एस्सी.ला हा विषय वरवर वाचला होता. घरी येऊन वही काढली. १९५५ साली लाइटहिल आणि व्हिटम यांनी आणि १९५६ मध्ये रिचर्ड्स यांनी रस्त्यावरच्या रहदारीला अक्षय्यतेचा नियम लावला. नियम साधा आहे. रस्त्याचा कुठलाही तुकडा घ्या. त्यात जितक्या गाड्या शिरल्या त्यातून बाहेर पडलेल्या वजा केल्या, की आतल्या गाड्या किती वाढल्या ते कळतं. गाडी हवेत विरत नाही.

घनता 'घ' म्हणजे एका किलोमीटरात किती गाड्या. प्रवाह 'प्र' म्हणजे तासाला किती गाड्या पुढं जातात. मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ५० धरला, आणि गाडीला गाडी चिकटून उभी राहिली की किलोमीटरात १०० मावतात असं धरलं. मधे वेग सरळ रेषेत उतरत जातो असं मानलं (ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये मांडलेला नियम), तर

प्र = ५०घ − ०.५घ²

मागून येणाऱ्या गाड्यांची घनता १० असेल तर प्रवाह ताशी ४५०. उभ्या रांगेत घनता १००, प्रवाह शून्य. या दोन अवस्थांच्या मधली जी तुटक सीमा आहे तिला शॉक म्हणतात. तिचा वेग म्हणजे प्रवाहातला फरक भागिले घनतेतला फरक: (० − ४५०) ÷ (१०० − १०) = −५. ताशी पाच किलोमीटर, मागच्या दिशेनं. माणसाच्या चालीचा वेग! वहीत हे उत्तर आलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्याकडं बघत बसलो होतो.

आता माझा प्रश्न. फाटक उघडलं. फाटकाच्या अलीकडं घनता १००, पलीकडं रस्ता रिकामा, घनता ०. दोन्हीकडं प्रवाह शून्यच. वरचंच सूत्र लावलं तर सीमेचा वेग ० ÷ १०० = ०. म्हणजे फाटक उघडं, रस्ता मोकळा, आणि गाड्या जन्मभर तिथंच उभ्या. अक्षय्यतेचा नियम कुठंही मोडत नाही, हिशोब चोख बसतो. तरीही हे उत्तर खोटं आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मग समीकरणाला ते कळत का नाही?

वाचनवेडी_लातूर | रविवार, रात्री १०:१५

गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, पण हे कळलं. एक शंका आहे दादा. आपल्याकडं फाटकावर दुचाक्या वाकून खालून निघतात, काही जण उलट्या बाजूनं पुढं घुसतात. मग हिशोब कसा राहतो?

दुधनाकाठ | रविवार, रात्री १०:३२

ताई, घुसले तरी ते मोजणीत येतातच. समोरच्या बाजूनं घुसलेली गाडी दुसऱ्या मार्गिकेच्या हिशोबात धरायची, एवढंच. बिघडतो तो 'वेग फक्त घनतेवर अवलंबून' हा भाग. गाड्या मोजण्याचा नियम शाबूत राहतो.

बालाघाटी | सोमवार, सकाळी ६:५०

मी उसाची गाडी चालवतो, हंगामात रात्रंदिवस. तुमचं शेपटाचं खरं हाय. पन फाटक उघडल्यावर काय होतं ते सांगतो. पहिली गाडी लगेच निघती. आमचा नंबर चाळिसावा असला तर आमी तसंच बसून राहतो. पुढचा हलला की मग मागचा, मग त्याच्या मागचा. हलायची पाळी आमच्यापर्यंत मागं मागं येत राहती. आन आमी हलूस्तर पहिला पार दोन मैल गेलेला असतो. म्हणजे मधे सगळ्या चालीच्या गाड्या असत्यात, कुनी पळायलंय, कुनी रांगायलंय. तुमच्या सूत्रात हे कुठं हाय?

खडूफळा | सोमवार, दुपारी ३:०५

बालाघाटी, तुम्ही अख्खं उत्तर सांगून टाकलंत. मी फक्त त्याला गणिताची भाषा देतो. छत्रपती संभाजीनगरला पस्तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. हा विषय माझ्या फार जवळचा, म्हणून लांबण लागेल.

प्रत्येक घनतेचा एक सांगावा असतो. रस्त्यावरच्या एखाद्या जागी गर्दी किंचित बदलली, तर त्या बदलाची खबर गाड्यांच्या वेगानं जात नाही, ती प्र-च्या उताराइतक्या वेगानं जाते. इथं तो उतार ५० − घ. विरळ रस्त्यावर (घ = १०) सांगावा ताशी ४० नं पुढं जातो. गच्च रांगेत (घ = १००) ताशी ५० नं मागं. या सांगाव्याच्या रेघांनाच कॅरेक्टरिस्टिक म्हणतात, आणि असे खरे, मर्यादित वेगाचे सांगावे ज्या समीकरणात असतात ते अपास्तीय, म्हणजे हायपरबोलिक.

आता शेपूट बघा. मागून सांगावा +४० नं येतोय, पुढून −५० नं येतोय, शॉक −५ नं चाललाय. दोन्हीकडचे सांगावे शॉकमध्ये येऊन संपतात. असा शॉक टिकतो. कारण कुठंही तो किंचित पसरला तर दोन्ही बाजू त्याला पुन्हा दाबून टोकदार करतात.

फाटक उघडल्यावरचा 'शॉक' बघा. अलीकडं सांगावे −५० नं मागं पळताहेत, पलीकडं +५० नं पुढं. सीमेतून सांगावे बाहेर पडताहेत. कुठून? सीमेत तर काहीच नव्हतं. ज्या खबरीला उगम नाही ती मानायची नाही, ही अट पीटर लॅक्स यांनी १९५७ मध्ये मांडली. ती लावली की तुमचं थिजलेलं उत्तर बाद होतं आणि पंख्यासारखं पसरणारं उत्तर उरतं:

घ = ५० − (अंतर ÷ वेळ)

ही बालाघाटींची 'सगळ्या चालीच्या गाड्या'. फाटकाच्या रेघेवर अंतर शून्य, म्हणून घनता बरोबर ५०, आणि प्रवाह ताशी १२५०, म्हणजे या रस्त्याला जमेल तेवढा सर्वाधिक. एक प्रामाणिक दुरुस्ती: या सोप्या नियमात हलण्याची पाळी ताशी ५० किमीनं मागं जाते. प्रत्यक्ष मोजमापांत ती ताशी १५ ते २० च्या आसपास सापडते. सरळ रेषेचा नियम ढोबळ आहे, पण चित्राचा आकार बरोबर आहे.

दुधनाकाठ, तुमच्या शंकेवर मोठमोठी माणसं अडखळली आहेत. १८४८ मध्ये स्टोक्स यांनी दाखवलं की हवेतली मोठी ध्वनिलहर पुढं जाताना तिचा चढ उभा होत जातो, शेवटी कडा तयार होते. वस्तुमान आणि संवेग दोन्ही बाजूंना जुळवून त्यांनी त्या कडेचा वेगही काढला. मग इतरांनी आक्षेप घेतला की यात ऊर्जेचा हिशोब लागत नाही. स्टोक्स यांना तो पटला आणि पुढं संकलित लेखांत त्यांनी तो भाग काढून टाकला. वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते, कारण ते बरोबर वाटेवर होते. रीमान यांनी १८६० मध्ये सिद्धांत पुष्कळ पुढं नेला, पण शॉक ओलांडताना एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली याचं माप) बदलत नाही असं धरलं, आणि ते चुकीचं होतं. रँकिन (१८७०) आणि युगोनियो (लेख १८८७ ते ८९) यांनी ऊर्जा धरून हिशोब नीट लावला. यांत्रिक ऊर्जा हरवत नाही, शॉकच्या पातळ थरात तिची उष्णता होते. एन्ट्रॉपी वाढते. एकाच दिशेनं.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ८:२०

सर, मनापासून आभार. पण एक खटकतं. ही अट आपण वरून लादली ना? मूळ समीकरणात ती नव्हती. उद्या दुसऱ्या कोणी वेगळी अट लादली तर?

खडूफळा | सोमवार, रात्री ९:००

चांगलं खटकलं. लादलेली नाही. समीकरण लिहिताना आपण जे फेकून दिलं होतं, त्याची ती आठवण आहे. चालक फक्त स्वतःच्या जागेची गर्दी बघत नाही, थोडं पुढं बघतो आणि आधीच पाय सैल करतो. हवेत हेच काम चिकटपणा करतो. हा छोटासा परिणाम समीकरणात ठेवला तर कडा किंचित गोलसर होते आणि उत्तर एकच येतं. मग तो परिणाम शून्याकडं नेत न्या. जे उत्तर उरतं तेच लॅक्स यांच्या अटीत बसणारं. एका राशीच्या समीकरणासाठी, कितीही मितींत, उत्तर असं एकमेव असतं हे क्रुझकोव्ह यांनी १९७० मध्ये सिद्ध केलं.

पण तुमची भीती अगदीच निराधार नाही. काही ठिकाणी खरोखरच वेगळी अट लागते. त्याबद्दल सवडीनं लिहितो.

गोदाकाठी | मंगळवार, सकाळी ७:३०

नांदेडहून लिहितोय. लाइटहिल-व्हिटम यांच्या त्या जोड-लेखातला पहिला भाग रहदारीवर नाही, लांब नद्यांतल्या पुरावर आहे! रहदारी दुसऱ्या भागात येते. नाथसागरातून (जायकवाडी धरणातून) पाणी सोडलं की आमचं सगळं लक्ष नांदेडजवळच्या विष्णुपुरी बंधाऱ्याकडं असतं. रुंद पात्रात पुराची लाट पाण्याच्या वेगाच्या साधारण ५/३ पट वेगानं येते. पाणी सेकंदाला दीड मीटर चाललं असेल तर लाट अडीच मीटरनं. आणि इथं उलटं आहे. जास्त पाणी जास्त वेगानं जातं, म्हणून मागचं मोठं पाणी पुढच्या थोड्या पाण्याला गाठतं आणि चढ उभा होत जातो. रस्त्यावर मात्र जास्त गर्दी म्हणजे कमी वेग. समीकरण एकच, प्र-ची कमान वेगळ्या बाजूला वाकलेली.

मांजरापट्टा | मंगळवार, रात्री १०:१०

मी शेतकरी आहे, केजच्या बाजूला. हे सगळं वाचून विचारायचं धाडस करतोय. तळ्यावरून रानापर्यंत दोन किलोमीटर पीव्हीसी पाइपलाइन आहे, सहा केजीचा (चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणारा) पाइप. मधे एक टेकाड लागतं. मोटार चालू असताना काही होत नाही. पण थ्री फेज लाईट अचानक गेली, की आधी सगळं शांत, मग काही सेकंदांनी टेकाडाच्या अंगाला धाडकन आवाज. या वर्षी तिथंच तीनदा पाइप फुटला. ज्यानं पाइप दिला तो म्हणतो तुमचं फिटिंग चुकलं, फिटिंगवाला म्हणतो पाइप हलका. ऐन गव्हाच्या पाण्यात उकरायची वेळ आली, दोन पाळ्या हुकल्या. मोटार बंद झाल्यावर पाइप फुटतो कसा, हे कोणी सांगेल का? हा पण शॉकच का?

पाटचारी | बुधवार, दुपारी १:४५

दादा, पाण्याच्या कामांत माझी नोकरी गेली, म्हणून लिहिते. हो, हीच गोष्ट, आणि तुमच्या टेकाडावर तर तिचा सगळ्यात अवघड भाग घडतो.

वाहतं पाणी एकदम अडलं की दाबाची कडा उठते. तिला पाण्याचा हातोडा म्हणतात. झुकोव्स्की यांनी मॉस्कोत १८९७-९८ च्या सुमारास लांब नळांवर प्रयोग करून सूत्र पक्कं केलं: दाबातला फरक = पाण्याची घनता × लहरीचा वेग × पाण्याच्या वेगातला फरक. लोखंडी नळात लहर सेकंदाला साधारण हजार मीटरनं धावते. पीव्हीसी लवचीक, म्हणून तिथं सुमारे ४००. पाणी दीड मीटरनं चाललं असेल तर १००० × ४०० × १.५, म्हणजे ६ लाख पास्कल, जवळजवळ सहा केजी. तुमच्या पाइपाची सगळी ताकद एका धक्क्यात, आणि नेहमीचा दाब वेगळा.

पण मोटार बंद पडली तेव्हा पहिली लहर दाब *उतरवणारी* असते. मागून पाणी यायचं थांबलं, पुढचं पाणी आपल्या जोरानं चाललेलंच आहे. ही लहर टेकाडावर पोचते तेव्हा तिथं दाब आधीच कमी. सूत्र म्हणेल सहा केजीनं उतरा. पण निर्वाताच्या खाली उतरायला जागाच नाही. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. दाब तिथवर आला की पाणी त्याच थंड पाइपात उकळतं. स्तंभ तुटतो, मधे वाफेची पोकळी. तो तुमचा 'सगळं शांत' काळ. मग दोन्हीकडचं पाणी परत येतं, वाफ क्षणात पुन्हा पाणी होते, आणि दोन स्तंभ एकमेकांवर आदळतात. तो 'धाडकन'. पाइप किंवा फिटिंग, कुणा एकाकडं बोट दाखवून सुटणारा हा प्रश्न नाही. आखणी करताना टेकाडाचा विचार झाला नाही.

उपाय: टेकाडाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह, म्हणजे दाब पडला की हवा आत येईल आणि पोकळी धरणार नाही. मोटारीजवळ चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. आणि शेवटचा व्हॉल्व्ह हातानं बंद करताना हळू. तुमच्या पाइपात लहर जाऊन परत यायला २ × २००० ÷ ४०० = १० सेकंद लागतात. त्याच्या आत बंद केला तर तो एकदमच बंद केल्यासारखा.

खडूफळा | बुधवार, रात्री ९:२५

पाटचारीताईंनी मला हवं तिथं आणून सोडलं. शुद्ध पाण्याच्या नळात ही लहर जवळजवळ साधी असते, चढ फारसा उभा होत नाही. वाफ आणि पाणी एकत्र आले की चित्र पालटतं.

आधी एक आश्चर्य. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, हवेत ३४०. दोन्ही निम्मे निम्मे मिसळून बुडबुड्यांचं पाणी केलं तर? सुमारे २० मीटर! मिश्रणाला वजन पाण्याचं मिळतं आणि दबण्याचा गुण हवेचा. जड आणि मऊ, म्हणून सांगावा रखडतो. म्हणजे तिथं थोडा वेगही ध्वनीहून जास्त ठरतो, आणि शॉक सहज उठतो.

आता अवस्थांतर. ('थ्री फेज'मधला फेज वेगळा आणि हा वेगळा. हा म्हणजे द्रव की वाफ.) व्हान डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात दाब आणि आकारमान यांची जी वक्ररेषा दिली, ती एका ठिकाणी उलटी चढते. आकारमान वाढतंय आणि दाबही वाढतोय. सांगाव्याच्या वेगाचा वर्ग हा त्या रेषेच्या उताराचा उणा. उतार उलटा झाला की वर्ग ऋण, वेग काल्पनिक. सांगावा पोचणंच बंद. समीकरण तेवढ्या पट्ट्यात अपास्तीय राहत नाही, लंबवर्तुळी होतं. निसर्ग तो पट्टा टाळतो. पदार्थ एका बाजूच्या द्रवातून पलीकडच्या वाफेत थेट उडी मारतो. ही उडी म्हणजे अवस्थांची सीमा, आणि हीसुद्धा एक तुटक सीमाच, शॉकची बहीण.

दुधनाकाठ, आता तुमची भीती. वायूच्या दोन समीकरणांत (एक वस्तुमानाचं, एक संवेगाचं) प्रत्येक बाजूला दोन सांगावे, एकूण चार. लॅक्स यांच्या शॉकमध्ये तीन आत येतात, एक बाहेर जातो, आणि सगळं ठरतं. अवस्थांची सीमा ध्वनीहून हळू चालत असेल तर दोनच आत येतात, दोन बाहेर. एक माहिती कमी पडते. दोन्ही टोकांची स्थिती दिली, वस्तुमान जुळवलं, संवेग जुळवला, तरी सीमेचा वेग मोकळाच. एन्ट्रॉपी घटता कामा नये ही अट लावली तरी उत्तरांचा ताफाच्या ताफा शिल्लक.

इथं खरोखर जास्तीची अट लागते. स्लेमरॉड यांनी १९८३ मध्ये चिकटपणाबरोबर पृष्ठताणासारखा केशिक परिणामही ठेवून दोन्ही एकत्र शून्याकडं नेले. मजा अशी की उत्तर त्या दोघांच्या *गुणोत्तरावर* ठरतं. दोन्ही नाहीसे झाले तरी त्यांचं प्रमाण मागं उरतं. अबेयरत्ने आणि नोल्स यांनी १९९१ मध्ये याला गतिज संबंध असं रूप दिलं: सीमेवर जितका जोर, तितका तिचा वेग, आणि हा संबंध पदार्थापदार्थाचा वेगळा. रहदारीत कुठलाही पुरेसा छोटा चिकटपणा चालला होता. इथं छोट्या गोष्टीचा स्वभावही विचारावा लागतो.

वाचनवेडी_लातूर | गुरुवार, सकाळी ८:०५

म्हणजे सर, इतक्या बारीक जागी जे घडतं ते डोळ्यांना दिसणार नाही, पण टेकाडावर पाइप फुटतो तो त्याच्यामुळं?

खडूफळा | गुरुवार, सकाळी ८:४०

ताई, पाइप फोडणारा जोर वाहत्या पाण्याचा. पोकळी किती झपाट्यानं मिटते, त्यात त्या बारीक थराचा वाटा आहे.

बालाघाटी | गुरुवार, रात्री ११:३०

पाण्याचं समजलं. पन रस्त्यावर बी असंच नाही का? कधी कधी ना फाटक, ना ॲक्सिडेंट, तरी गाड्या थांबत्यात. थोडं पुढं गेलं की सगळं मोकळं. तेवढ्याच गाड्या काल पळत व्हत्या, आज उभ्या.

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री ९:५०

दादा, तुमच्या या प्रश्नानं काल रात्री झोप नीट लागली नाही. शोधलं. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. २३० मीटरच्या गोल वाटेवर २२ गाड्या, चालकांना एकच सूचना: सारख्या वेगानं चला. ना सिग्नल ना वळणाची अडचण. तरी थोड्या वेळात कोंडीचा गठ्ठा तयार झाला आणि ताशी २० किमीच्या आसपास मागं फिरू लागला. माझं पहिलं समीकरण हे दाखवूच शकत नाही, त्यात छोटी गडबड आपोआप मोठी होत नाही.

कोलंबो यांनी २००२ मध्ये रहदारीतच दोन अवस्था धरल्या. मोकळ्या अवस्थेत घनता सांगितली की वेग ठरला, एक समीकरण पुरे. कोंडीत तसं नाही, एकाच घनतेला अनेक वेग शक्य, म्हणून दोन समीकरणं. मधे अवस्थांतराची उडी. पाणी आणि वाफेसारखंच. तुमचं 'तेवढ्याच गाड्या, काल पळत आणि आज उभ्या' हे मला तिथं दिसलं. हंगाम सुरू झाला की तुमच्या गाडीत बसून कारखान्याच्या काट्यापर्यंत येऊ का? शेपटाचा वेग मोजायचाय.

बालाघाटी | शनिवार, सकाळी ५:४५

या की सर. पहाटं चारला निघावं लागंल. भाकरी आमच्याकडची.

मांजरापट्टा | पुढच्या आठवड्यात, मंगळवार, रात्री ९:१५

ताई, टेकाडावर एअर व्हॉल्व्ह बसवला, एनआरव्ही बदलला. काल रात्री पाणी चालू असताना लाईट गेली. मी मुद्दाम टेकाडावर जाऊन उभा होतो. आधी फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज झाला, मग पाणी परत आल्यावर छोटा ठोका बसला. पाइप शाबूत. पण तो ठोका का बसला?

पाटचारी | मंगळवार, रात्री ९:५०

आत आलेली हवा बाहेर फार लवकर सुटत असणार. हवेची गादी संपली की पाणी पुन्हा पाण्यावर येतं. हवा मोठ्या तोंडानं आत घेणारा पण बारीक तोंडानं बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो बघा. आणि लाईट परत आली की मोटार चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवा, माथ्यावरची हवा निघेपर्यंत.